बेघर मनोरुग्ण : कारणांचा वाद आणि परतीचा प्रश्न

स्टेशनच्या जिन्याखाली, उड्डाणपुलाच्या आडोशाला किंवा महामार्गाच्या कडेने जटा वाढलेला, स्वतःशीच बोलत चाललेला माणूस दिसला की पाहणारा मनाशी दोनपैकी एक निष्कर्ष काढून मोकळा होतो. डोके फिरले म्हणून याच्यावर ही पाळी आली, हा एक. असे दिवस वाट्याला आले तर कोणाचेही डोके फिरेल, हा दुसरा. मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र आणि गृहनिर्माणाचा अभ्यास या तिन्ही क्षेत्रांतला गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा वाद जरा शास्त्रीय भाषेत याच दोन निष्कर्षांभोवती फिरत आला आहे. तो नीट वाचला तर दिसते की दोन्ही बाजू बहुतेकदा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. एखाद्या शहरात किती माणसे बेघर होतील हा एक प्रश्न आहे. त्यांत नेमकी कोणती माणसे असतील हा दुसरा. भारतात याला तिसरा प्रश्न जोडावा लागतो : उपचारांनी सावरलेल्या माणसाने परतायचे कुठे? या तिसऱ्याचे उत्तर तयार नसेल तर पहिल्या दोहोंची उत्तरे आपल्याकडे फारशी कामाला येत नाहीत, असे उपलब्ध पुराव्यांवरून म्हणता येते.

मोजणीची अडचण

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातल्या बेघरांची मोजणी झाली आणि आकडा आला सुमारे १७.७ लाख. त्यात महाराष्ट्राचा वाटा दोन लाखांहून थोडा जास्त. एका रात्रीत, अंधारात केलेली ही मोजणी बरीच अपुरी असल्याचा आक्षेप बेघरांमध्ये काम करणाऱ्या संस्थांनी घेतला आणि तो रास्तच आहे. पोलिसांच्या भीतीने जागा बदलत राहणारा माणूस प्रगणकाला सापडेलच असे नाही. दुसरीकडे, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. (त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.) प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक जण उपचारांबाहेर होते, असे त्यातून पुढे आले. पण हे सर्वेक्षण घरोघरी जाऊन केलेले होते. ज्याला घरच नाही तो त्यात येणार कसा? म्हणजे बेघरांच्या मोजणीत मन येत नाही आणि मनाच्या मोजणीत बेघर येत नाहीत. भारतातल्या बेघर मनोरुग्णांचा म्हणून जो कोणता राष्ट्रीय आकडा सांगितला जातो तो यामुळे अंदाजाच्या पलीकडे जात नाही.

पाश्चात्त्य देशांत मोजणीची परिस्थिती बरी आहे. सीना फझेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २९ सर्वेक्षणांतल्या साडेपाच हजारांहून अधिक बेघरांची माहिती एकत्र करून पाहिली. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर विकारांचे सरासरी प्रमाण १२.७ टक्के निघाले, मद्याच्या व्यसनाचे ३७.९ टक्के. २०२१ मध्ये फझेल यांच्याच सहभागाने झालेल्या नव्या संकलनात एकूण विकारांचे प्रमाण ७६ टक्क्यांपर्यंत गेले. हा ७६ चा आकडा वर्तमानपत्रांना आवडतो आणि तो चुकीचाही नाही, पण त्यात दारू आणि अमली पदार्थांचा वाटा फार मोठा आहे. गंभीर मनोविकाराचा आकडा तेरा वर्षांनीही साडेबारा टक्क्यांच्या आसपासच राहिला. या आकड्याचे दोन अर्थ एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागतात. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असते, तेव्हा बेघरांमध्ये ते दहापटीहून अधिक आहे. आणि तरीही दर आठ बेघरांपैकी सात जणांना असा विकार नाही.

मुंबईच्या संदर्भात हा दुसरा अर्थ अधिकच महत्त्वाचा ठरतो. १९८५ साली स्पार्क या संस्थेने फूटपाथवर राहणाऱ्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. ही माणसे कामकरी आहेत, दुष्काळ आणि भूमिहीनता यांनी गावाबाहेर ढकललेली आहेत आणि कामाच्या जागेजवळ राहणे परवडावे म्हणून फूटपाथवर आहेत, हे त्यातून दिसले. त्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा अधिकार जगण्याच्या अधिकारात मोडतो असे मान्य केले, तेही याच लोकांच्या बाबतीत. हमाली, बिगारी, भंगार वेचणे यांवर जगणाऱ्या या कुटुंबांची अडचण भाड्याची आणि जमिनीची आहे. त्यांना आणि महामार्गावरच्या एकट्या भ्रमिष्ट माणसाला ‘बेघर’ या एकाच नावाखाली आणले की दोघांवरही अन्याय होतो : पहिल्याकडे संशयाने पाहिले जाते आणि दुसऱ्याचा आजार दिसेनासा होतो.

आजार आधी की रस्ता आधी

रॉबर्ट फॅरिस आणि वॉरन डनहॅम यांनी १९३९ मध्ये शिकागो शहराचा मनोविकारांचा नकाशा मांडला, तेव्हा स्किझोफ्रेनियाचे रुग्ण शहराच्या मध्यभागातल्या गरीब, अस्थिर वस्त्यांत दाटलेले दिसले. वस्तीतल्या तुटलेपणामुळे आजार होतो, असा त्यांचा रोख होता. त्यावर लगेच प्रतिवाद झाला की आजारी माणूस नोकरी गमावतो, घर गमावतो आणि घसरत घसरत अशा वस्तीत येतो. १९६३ मध्ये गोल्डबर्ग आणि मॉरिसन यांनी ब्रिटनमधल्या रुग्णांच्या वडिलांचे व्यवसाय तपासले. वडील सर्व आर्थिक थरांत सर्वसाधारण समाजाप्रमाणेच विखुरलेले होते. मुले मात्र खालच्या थरात आली होती. स्किझोफ्रेनियापुरते घसरणीचे गृहीतक त्यामुळे बळकट झाले. १९९२ मध्ये ब्रूस डोरेनवेंड यांचा इस्रायलमधला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याने चित्र विभागून दाखवले : स्किझोफ्रेनियात घसरण अधिक लागू पडते, तर स्त्रियांमधले नैराश्य आणि पुरुषांमधली व्यसने यांत हलाखी व भेदभाव यांचाच हात मोठा असतो. एकाच सूत्रात सगळे विकार बसवण्याचा हट्ट तेव्हापासून तरी सुटायला हवा होता.

तो सुटला नाही. मेलबर्नमधल्या चार हजारांहून अधिक बेघरांच्या नोंदी तपासून गाय जॉन्सन आणि ख्रिस चेंबरलेन यांनी २०११ मध्ये मांडलेला निष्कर्ष म्हणून उपयोगी वाटतो. त्यांतल्या ३१ टक्क्यांना मानसिक आजार होता; जवळपास निम्म्यांना तो बेघर होण्याआधीपासून होता आणि उरलेल्यांना बेघर झाल्यानंतर जडला. रस्त्यावर आजार कसा जडतो याची यंत्रणाही गूढ नाही. सलग झोप मिळत नाही, मारहाण होते, डोक्याला इजा होतात, स्त्रियांवर लैंगिक अत्याचार होतात, भूक आणि थंडी मारायला स्वस्त नशा हाताशी असते. ज्याला आधीपासून आजार आहे त्याची गोळी सुटते, आणि गोळी सुटली की परतीचा रस्ता आणखी लांबतो.

घरे कमी की खाटा कमी

सार्वजनिक धोरणाच्या अंगाने हा वाद सर्वांत जास्त रंगला तो अमेरिकेत. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. नवी औषधे आली, १९६३ मध्ये केनेडींच्या काळात समाजाधारित मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा झाला, खर्चाचा भार संघराज्यावर ढकलण्याचा मोह राज्यांना पडला आणि १९८० पर्यंत हा आकडा दीड लाखाच्या खाली उतरला. मनोविकारतज्ज्ञ फुलर टॉरी यांच्या मते १९८० च्या दशकात अमेरिकी शहरांत दिसू लागलेले बेघर हे याच घाईचे फळ होते. रुग्णालये रिकामी केली, पर्यायी केंद्रे मात्र पुरेशी उभी राहिलीच नाहीत. यावरचा मुख्य आक्षेप कालक्रमाचा आहे. रुग्णालये सर्वाधिक रिकामी झाली ती १९७५ च्या आधी आणि बेघर वाढले ते नंतर. क्रिस्टोफर जेंक्स यांनी १९९४ मध्ये यातून मधली वाट काढली : सुरुवातीला बाहेर पडलेल्यांना कुटुंब, भत्ते किंवा स्वस्त खोल्या मिळाल्या, पुढच्या लाटेतल्यांना, आणि ज्यांना दाखल करून घेणेच थांबले त्यांना, त्या मिळाल्या नाहीत. एकेका खोलीची स्वस्त लॉजेस दरम्यान पाडली गेली होती.

२०२२ मध्ये ग्रेग कोलबर्न आणि क्लेटन ऑल्डर्न यांनी शहराशहरांची तुलना करून वादाला वेगळे वळण दिले. ज्या भागांत मनोविकार किंवा व्यसने जास्त तिथे बेघर जास्त, असे आढळत नाही. जिथे भाडी चढी आणि रिकामी घरे कमी तिथे ते जास्त आढळतात. व्यसनांनी पोखरलेल्या वेस्ट व्हर्जिनियात बेघर कमी आणि सुबत्तेच्या सिॲटल-सॅन फ्रान्सिस्कोत अधिक, हे त्यांचे उदाहरण. संगीतखुर्चीत किती जण बाहेर पडणार हे खुर्च्यांच्या संख्येवर ठरते, लंगडणारा आधी बाहेर पडतो, असा त्यांचा दाखला आहे. टॉरी आणि कोलबर्न यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची पद्धत आहे, पण दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. संख्या भाड्याने ठरते, निवड आजाराने होते. यावर एक गंभीर हरकत उरते : जो माणूस भ्रमाच्या भरात चांगले घर सोडून निघून गेला, त्याच्या बाबतीत भाडे स्वस्त असून काय उपयोग? ही हरकत अमेरिकेत थोड्यांना लागू आहे. भारतात ती बऱ्याच जणांना लागू होते, आणि म्हणून तिथले निष्कर्ष जसेच्या तसे इथे आणता येत नाहीत.

इथे घर म्हणजे कुटुंब

भारतात रिकामी करण्याइतकी मनोरुग्णालये कधी नव्हतीच. इंग्रजांनी बांधलेली आणि नंतर भर पडलेली मिळून सरकारी मनोरुग्णालये पन्नासच्या आत, खाटा वीस हजारांच्या आसपास. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार. एवढ्या मोठ्या देशात गंभीर मनोरुग्णांना सांभाळले ते आईवडिलांनी, भावंडांनी, क्वचित सुनांनी. आपल्याकडचा बेघर मनोरुग्ण हा रुग्णालयातून बाहेर ढकललेला नसून बहुतेकदा कुटुंबाच्या हातून निसटलेला किंवा कुटुंबाने सोडलेला असतो. म्हातारे आईवडील गेले आणि भावाच्या संसारात जागा उरली नाही. लग्नात आजार लपवला आणि नंतर सासरने माहेरी धाडले, माहेरने ठेवून घेतले नाही. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि जिल्ह्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून औषध बंद पडले : वाटा अशा आहेत. त्यात रेल्वेने एक खास भारतीय गुंतागुंत आणली आहे. भ्रमिष्ट अवस्थेत गाडीत चढलेला माणूस दोन दिवसांनी अशा मुलखात उतरतो जिथे त्याची भाषा कोणाला कळत नाही. झारखंडच्या खेड्यातली संथाळी बोलणारी स्त्री कोकणात सापडली तर तिची बडबड ही आजाराची खूण आहे की ती सरळ आपल्या गावाचे नाव सांगते आहे, हेदेखील ठरवता येत नाही.

कुटुंबाला दोष देऊन इथे थांबता येत नाही. पेन्शन नाही, अधूनमधून रुग्णाला सोपवता येईल असे केंद्र नाही, शेजाऱ्यांच्या नजरा आहेत. अशा स्थितीत वीस-वीस वर्षे सांभाळणारी कुटुंबेच जास्त आहेत. शासनाने जे काम कधी अंगावर घेतले नाही ते त्यांनी बिनपगारी केले. जिथे ती मोडली तिथे खाली दुसरे जाळे नव्हते.

कायद्याने काय दिले

१९१२ च्या लुनसी कायद्यात फिरस्त्या ‘वेड्या’ला पकडून न्यायाधीशापुढे उभे करण्याचे काम पोलिसांकडे होते आणि १९८७ च्या कायद्यानेही तो साचा फारसा बदलला नाही. प्रत्यक्षात कित्येक जण तुरुंगात पडत. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य ठरवले. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांत बांधलेले २८ मनोरुग्ण मेले, तेव्हा तुरुंगाबाहेरचे कोंडवाडेही देशाला दिसले.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या मानाने फार पुढचा आहे. कलम १८ बेघरांना सरकारी रुग्णालयात मोफत उपचारांचा हक्क देते, त्यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड दाखवावे लागत नाही. कलम १०० पोलिसांना सांगते की भटकणारा मनोरुग्ण ताब्यात घेतला तर त्याला चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्या, कोठडीत ठेवू नका आणि हरवल्याची नोंद करून नातेवाईक शोधा. कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देते आणि ज्यांना कुटुंब नाही वा कुटुंबाने टाकले आहे अशांसाठी संक्रमण निवास व सामूहिक घरे उभारणे ही सरकारची जबाबदारी ठरवते. पण याच रस्त्यावर १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदाही उभा आहे. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हेदेखील त्याच्या लेखी भीक मागणेच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्यातल्या बहुतेक तरतुदी रद्द केल्या. महाराष्ट्रात तो अजून लागू आहे. एकच माणूस एका कायद्याखाली रुग्ण आणि दुसऱ्याखाली आरोपी ठरू शकतो, आणि कोणता कायदा लागू करायचा हे रात्रपाळीच्या हवालदाराच्या मर्जीवर राहते.

उपचारांनंतर

कर्जत, चेन्नई, कोलकाता या ठिकाणच्या कामांनी एक गोष्ट निर्विवाद दाखवली आहे : नियमित औषध आणि अन्न मिळाले तर अनेक बेघर मनोरुग्ण काही आठवड्यांत नाव-गाव सांगू लागतात. डॉ. भरत व स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने यावर आपली पद्धत उभारली. रस्त्यावरून उचलायचे, कर्जतच्या केंद्रात उपचार करायचे, सामाजिक कार्यकर्त्याला बरोबर देऊन देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातल्या घरी पोचवायचे. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर अशी हजारो माणसे घरी पोचली होती. वर्षानुवर्षे मेला असे समजलेला मुलगा दारात उभा राहणे याचे मोल आकड्यांत होत नाही. पण आढाव्यात दुसरी बाजूही मांडावी लागते. ज्या घरातून तो निसटला तिथले दारिद्र्य तेच, जिल्ह्यातली औषधांची टंचाई तीच. आणि काही स्त्रियांच्या बाबतीत मारहाण करणारा नवराही तोच. घरी पोचलेल्यांपैकी किती जण पाच वर्षांनी औषध घेत आहेत, याचा स्वतंत्र, पद्धतशीर मागोवा आपल्याकडे फार थोडा झाला आहे.

ज्यांना घर नाही किंवा घर नको म्हणते, त्यांचे काय? अहिल्यानगरजवळची माऊली यांसारखी आश्रयस्थाने अशा स्त्रियांना कायमचे आपले म्हणून ठेवून घेतात. या कामामागची माया निर्विवाद आहे, मात्र अशा जागा देणग्यांवर चालतात आणि गरजेच्या प्रमाणात वाढू शकत नाहीत. सरकारी बाजूला २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ४३ मनोरुग्णालयांतले ३६ टक्के रुग्ण वर्षाहून अधिक काळ आतच असल्याचे आढळले. त्यांतल्या अनेकांना आत राहण्याची वैद्यकीय गरज उरलेली नव्हती, न्यायला कोणी येत नव्हते इतकेच. २०२१ च्या जुलैमध्ये तर सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र शासनाला बजावावे लागले की अशा रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणे ताबडतोब थांबवा. कागदावर हे पुनर्वसन दिसते, खरे तर ती कायद्याची पायमल्ली आहे.

तिसरा मार्ग घराचा. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये ‘आधी घर’ ही पद्धत सुरू केली : व्यसन सोडा, औषध घ्या, अशा अटी न घालता आधी स्वतंत्र घर द्यायचे आणि मदतीचे पथक जोडायचे. कॅनडाने पाच शहरांतल्या दोन हजारांहून अधिक लोकांवर तिची चाचणी घेतली. शेवटच्या सहा महिन्यांत पूर्णवेळ घरात राहिलेले या पद्धतीत ६२ टक्के, नेहमीच्या सेवांमध्ये ३१ टक्के. आजाराची लक्षणे मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली. समर्थक पहिला आकडा सांगतात आणि विरोधक दुसरी बाब. माझ्या मते घराने घराचे काम केले. त्याने गोळीचेही काम करावे ही अपेक्षाच अवाजवी होती. भारतात इतकी सार्वजनिक घरे कुठून आणायची, हा आक्षेप लगेच येतो. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने त्याला दिलेले उत्तर साधे आहे. रुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेल्या चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याचे घर द्यायचे आणि सोबतीला एक मदतनीस बाई. तमिळनाडूनंतर केरळ आणि आसाममध्येही हे झाले, आणि अशा घरांत राहणाऱ्यांचे बाजारहाट, शेजार, सणवार यांत मिसळणे वाढल्याचे अभ्यासांतून नोंदले गेले आहे. आपल्याकडच्या संयुक्त कुटुंबाच्या सवयीला एकट्याच्या फ्लॅटपेक्षा हे जास्त मानवते.

न सुटलेले

सर्वांत अवघड वाद आहे तो इच्छेविरुद्ध दाखल करण्याचा. एका बाजूचे म्हणणे, भ्रमाच्या आहारी जाऊन उकिरड्यावरचे खाणाऱ्याला ‘तुझी मर्जी’ म्हणणे ही स्वातंत्र्याची थट्टा आहे. दुसरी बाजू शंभर वर्षांच्या कोंडवाड्यांकडे बोट दाखवते. २०१७ च्या कायद्याने नामनिर्देशित प्रतिनिधी आणि तीस दिवसांची मुदत अशी मधली तजवीज केली आहे. पण ज्याला कोणीच नाही त्याच्या बाबतीत प्रतिनिधी म्हणून समाजकल्याण खात्याचा माणूस उभा राहतो, आणि मग संमती ही सहीपुरती उरण्याचा धोका असतो. कोलकात्याच्या ईश्वर संकल्प या संस्थेने रस्त्यावरच, तिथल्या चहावाल्याला आणि दुकानदाराला हाताशी धरून औषध देण्याचा पर्याय चालवून दाखवला आहे. तो तीव्र अवस्थेतल्या प्रत्येकाला पुरेसा पडेल का, याबद्दल मतभेद आहेत. भाषा, ओळख पटवणे, मालमत्तेतला वाटा मिळवून देणे, स्त्रियांच्या बाबतीत घटस्फोट आणि मुलांचा ताबा हे प्रश्न तर अजून संशोधकांच्या टेबलावर धडपणे आलेलेही नाहीत.

इतके मात्र आज म्हणता येते की आपल्याकडे साखळीची पहिली कडी, म्हणजे रस्त्यावरून उचलणे आणि उपचार करणे, कशीबशी का होईना पण उभी आहे. कलम १९ मधली घरे हीच तुटलेली कडी आहे. म्हणून विधिमंडळात या विषयावर प्रश्न विचारणाऱ्या लोकप्रतिनिधींना एक विनंती. मनोरुग्णालयांत खाटा किती, हे आता पुरे झाले. शासनाने किती सामूहिक घरे उघडली, त्यांत किती जण राहतात, आणि गेल्या वर्षी घरी पाठवलेल्यांपैकी किती जण वर्षाअखेर त्याच पत्त्यावर होते, हे तीन आकडे दरवर्षी पटलावर ठेवायला लावावेत.